चावीवाल्याच्या दाराची एकच चावी

आमच्याच जिन्यावर समोरच्या दारात राहणाऱ्या चावीवाल्या काकांनी अख्ख्या गल्लीला दुसऱ्या चाव्या करून दिल्या, स्वतःच्या दाराची मात्र कधी केली नाही. त्यांच्या वडिलांचा तसा दंडक होता: या धंद्यातल्या माणसाने आपल्या घराची एकच चावी ठेवायची, आणि तीही घरात. ती काकूंच्या गळ्यात असे. काकांनी संध्याकाळी दार वाजवलं, की काकू विचारायच्या, "कोण आहे?" काका म्हणायचे, "चोर!" तीस वर्षं हा एकच विनोद. मला त्याचा अगदी वीट आला होता.

मग आमच्या जुन्या गल्लीला अचानक भाव आला. दगडी कमानींचे फोटो काढायला माणसं येऊ लागली, खालच्या शिंप्याच्या जागी कॉफीचं दुकान झालं, आणि इमारत नव्या मालकाने घेतली. त्याचा कारभारी कायम टाय लावायचा, म्हणून त्याचं नाव टाय. भाडेकरूचं घर तासभर रिकामं सापडलं, तरी सामान जिन्यात आणि दाराला नवं कुलूप. मग बसा कोर्टाचे उंबरठे झिजवत. सांगायला लाज वाटते, पण पहिल्या दोन घरांची कुलपं काकांनीच उघडून दिली. दुसऱ्या घरातली म्हातारी परत आली, तेव्हा टायच्या माणसांनी तिला केसाला धरून जिन्यावरून खाली ओढलं. ते पाहून काकांनी त्याचं काम सोडलं, आणि टायने त्यांच्यावर दात धरला.

काकांची ती एक बेडरूम, स्वयंपाकघर आणि गल्लीकडची खिडकी. त्यांनी दाराला आतून लोखंडी आडणा बसवला आणि काकूंना बजावलं, "मी बाहेर असताना कोणी आलं तर उघडायचं नाही. मी स्वतः ओरडलो तरी नाही."

"आणि खरंच तुम्ही असलात तर?"

"मी चोर म्हणेन की!" दोघंही हसली. मी माझ्या दारात उभा राहून ऐकत होतो.

चारच दिवसांनी, भर सकाळी, टाय तिघांना घेऊन आला. काका नुकतेच हत्यारांची पेटी घेऊन बाहेर पडले होते. त्यांना भिंतीवर आपटून खिसे उलटे केले. चावी नाही.

"चावीवाल्याकडे स्वतःच्या घराची चावी नाही? येडा समजतोस काय मला?"

"आईशप्पथ नाही, साहेब."

त्यांनी काकांचा उजवा हात जिन्याच्या कठड्यावर दाबून धरला आणि त्यांच्याच पेटीतली हातोडी काढली. पहिल्या बोटाला काका नुसते कण्हले. दुसऱ्याला भिंतीवर रक्त उडालं. तिसऱ्याला त्यांनी टाहो फोडला, "उघड गं! मी सांगतोय, उघड!" आतला आडणा सरकला नाही. चौथं बोट. अंगठा. मग डावा हात.

हे सगळं मी माझ्या दाराच्या भोकातून पाहिलं. मी ट्रकमध्ये कपाटं चढवणारा माणूस, अंगाने रेड्यासारखा. हात कडीवर होता. पोलिसांना फोन केला, तोही कुजबुजत. ते येईपर्यंत टाय निघून गेला होता.

काकूंनी दार उघडलं नाही, म्हणून घर राहिलं. पुढे कोर्टानेही ते त्यांनाच राहू दिलं. आता काकांच्या चाव्यांच्या टपरीवर काकू कानस चालवतात. काका शेजारी बसून आवाजावरून सांगतात, "अजून थोडं. बास." काकूंनी पहिली घासली ती आपल्याच दाराची दुसरी चावी. काकांच्या वाकड्या बोटांत ती फिरत नाही. काकू आधी वर जातात आणि काका मागून येऊन कोपराने दार वाजवतात. कोण, असं कोणी विचारत नाही. चोर, असं कोणी म्हणत नाही. तो विनोद ऐकायला आता माझे कान आसुसलेत.

एकदा जिन्यात काकू मला म्हणाल्या, "सतरा वेळा 'उघड' म्हणाले. मी कडीला हात लावूनच उभी होते. पण त्यांनीच नको म्हणून सांगितलं होतं ना रे."

मी मान खाली घातली. मला तर तसं कोणीच सांगितलं नव्हतं.