ठमाबाईची सही

दिनानाथने पस्तीस वर्षं खांब गावाच्या आसपासच्या वाड्यांत टपाल वाटलं. पत्र द्यायचं आणि ओटीवर बसून वाचूनही दाखवायचं. निवृत्त झाल्यावर त्याला वाटलं, आता लोकांनी आपापलं वाचावं. म्हणून समाजमंदिरात त्याने म्हाताऱ्यांसाठी फुकट वर्ग काढला. माणसं यायची, पण हातात कागद घेऊन.

"एवढं वाचून दे, मी जातो."

"अरे, वाचायलाच तर शिकवतोय."

"तू हायस तवर शिकून काय करायचंय?"

दोन वर्षांत टिकली ती एकटी ठमाबाई. सत्तरीची, रेल्वेतल्या गँगमनची विधवा. तिच्या 'ठ'चं पोट दर वेळी उघडं राहायचं. सात महिन्यांनी तिने पूर्ण नाव लिहिलं, तेव्हा दिनानाथने ते पान घरी नेऊन बायकोला दाखवलं.

नोव्हेंबरात ठमाबाई पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला रोह्याला बँकेत निघाली. दिनानाथने बजावलं, "काकी, यंदा अंगठा द्यायचा नाय."

तिने सही केली. कारकुनाने जुना कागद काढला. त्यावर अंगठा होता. सही जुळत नाही म्हणून त्याने तिला परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी दिनानाथ सोबत गेला. "आधी सहीबदलाचा अर्ज द्या," कारकून म्हणाला. "साक्षीदार आणा. मंजुरी साहेब देतील, सोमवारी." सोमवारी साहेब पेणला गेले होते. पुढच्या खेपेला अर्जाचे छापील कागद संपले होते. महिना संपत आला, दाखल्याची मुदतही. पाचव्या खेपेला ठमाबाईने स्वतःच शाईचा डबा पुढे ओढला. दोन मिनिटांत काम झालं.

"आणखी एक खेप मारली असती, काकी," स्टँडवर दिनानाथ तुटकपणे म्हणाला.

"मला वाल पेरायचेत, दिनू. बँकवाल्यांचा राग माज्यावर काडू नको."

ते त्यालाही कळत होतं, तरी गाडीत तो तिच्यापासून लांबच्या सीटवर जाऊन बसला. घरी येऊन त्याने तो अर्ज हाताने लिहिला आणि रजिस्टर्ड पोस्टाने धाडला. शिमगा आला तरी उत्तर नव्हतं. वर्गात तो एकटाच बसायचा.

वाल झोडून झाल्यावर ठमाबाई पुन्हा आली. "सही ऱ्हाऊ दे. गाडीवरची पाटी वाचाया शिकव. दर खेपेला कुनाला इचारू?"

दिनानाथने फळ्यावर घरच्या गाडीच्या पाटीवरचं 'कोलाड' लिहिलं. ती 'ड'पाशी अडली, तसा तो खेकसला. ती उठून गेली नाही, पुन्हा 'को'पासून वाचू लागली.