दायाँ हात आणि डावा कौल

चहा घ्या आणि मुकाट ऐका. मधे हसलात तर कपबशी काढून घेईन. माझ्या हातून असा घोटाळा झालाय, की आमच्या गल्लीतल्या बाया मला बघून आधी हात जोडतात आणि मग तोंडाला पदर लावून हसतात. दोन्ही एकदम!

सगळं सुरू झालं गुडघ्यांपासून. माझे गुडघे म्हणजे गंजलेल्या बिजागऱ्या. जिना चढायला लागले की वरच्या मजल्यावर कळतं, कोण येतंय ते. गेले डॉक्टरकडे. डॉक्टर तरणा, चष्मेवाला. सगळं तपासून म्हणाला, "ताई, ताई ची करा."

म्हटलं, "ताईची काय करू? माझी ताई बोदवडला असते. तिचे गुडघे माझ्याहून गेलेले आहेत."

"तसं नाही हो. ताई ची. चिनी व्यायाम आहे. हळूहळू करायचा."

"मग चिनी व्यायाम म्हणा ना सरळ! नात्यात कशाला शिरता?"

घरी आल्यावर माझ्या पोरीनं, रूपालीनं, मोबाइलवर व्हिडिओ लावून दिला. पांढऱ्या ढगळ कपड्यातली एक बाई. मागे तळं, डोंगर. बाईचा चेहरा इतका शांत, की हिला कधी सासू नव्हती हे बघूनच कळावं. हिंदीत बोलायची. "धीरे... और धीरे... जैसे पानी में हाथ चल रहा हो..."

आता मला सांगा, मी आयुष्यात कुठली गोष्ट हळू केलीय? मी भाकरी थापते तर शेजारीण विचारते, "अक्का, कोणाला मारताय?" मेहरूणच्या बाजारात मी भाव करायला उभी राहिले की भाजीवाला आधी पाणी पिऊन घेतो. आणि मी म्हणे पाण्यात हात फिरवल्यासारखा फिरवायचा!

पण गुडघ्यांपुढे काय करता? लागले करायला. नावं माझीच ठेवली मी. एक म्हणजे सुपानं दाणे पाखडणं. एक म्हणजे भिंत सारवणं. एकात पाय उचलून हवेत धरायचा, त्याचं नाव म्हशीनं बादली लाथाडणं. ते मी पहिल्याच दिवशी खरं करून दाखवलं. बादली नव्हती, ह्यांचा चहाचा कप होता.

आमचे हे म्हणाले, "हा व्यायाम तू गॅलरीत कर. मला अजून दोन-चार वर्षं जगायचंय." आणि वर, "त्या बाईचं धीरे-धीरे ऐकून मला झोप येते," म्हणाले. म्हणून रूपालीनं कानात घालायच्या त्या वायरी दिल्या.

झालं! माझी रवानगी गॅलरीत. मोबाइल कोरफडीच्या कुंडीला टेकवलेला, वायरी केसांत लपलेल्या. समोरून कोणी बघितलं तर काय दिसेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

आता खरी गंमत. ती बाई म्हणायची, "दायाँ हाथ ऊपर." मी डावा हात वर करायची. दायाँ म्हणजे डावा, त्यात विचार काय करायचा? ती समोर तोंड करून उभी, तिचा हात ज्या बाजूला वर जायचा त्याच बाजूचा माझा. म्हणजे डोळ्यांनाही पटलं, कानांनाही पटलं.

रूपालीनं एकदा बघितलं. "आई, दायाँ म्हणजे उजवा."

"मला हिंदी शिकवू नको. लग्न झाल्यावर दोन वर्षं सुरतेला काढलीत मी. तिथं डाबो म्हणतात, तो डावाच असतो."

"आई, ते गुजराती."

"आणि हे चिनी. तू तुझी शाळा बघ."

पोरगी शाळेत शिकवते ना, तिला वाटतं जग चौथीच्या वर्गात बसलंय. मी स्वतः चौथीच शिकले, हे मात्र मी तेव्हा विसरले.

तर श्रावण लागला होता. आमच्या खानदेशात श्रावण म्हणजे कानबाई, आमची देवी. घराघरात तिच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू निवडणं चाललेलं. या दिवसांत एखादीच्या अंगात कानबाईचं वारं येतं, बाया तिला हळदकुंकू लावतात, प्रश्न विचारतात. मी कायम यावर तोंड सोडायची. "वारं कसलं? घरात कोणी ऐकत नाही म्हणून बाई घुमते," असं मी चार बायांत म्हटलेलं. तेही मोठ्यानं. माझं हळू काही नसतंच.

शुक्रवार होता. मी डोक्यावरून न्हाले होते. केस मोकळे, कपाळाला कुंकू. गॅलरीत उभी राहिले. व्हिडिओतली बाई म्हणाली, गुडघे थोडे वाका, डोळे मिटा, श्वास सोडताना आवाज करा. मी वाकले. आता माझे गुडघे वाकले की थरथरतात. गुडघे थरथरले की मी सगळीच थरथरते. डोळे मिटून, केस सोडून, "हूंऽऽऽ... हूंऽऽऽ..."

गल्ली केवढी? चार हातांची. समोरच्या गॅलरीत सिंधू. सिंधू माझ्याहून दहा वर्षांनी लहान, माहेर साक्रीकडचं. अजून घाबरली की अहिराणीत बोलते. मी डोळे उघडले तर ती हात जोडून उभी. चष्मा नव्हता डोळ्यांवर. वाटलं, हिनंही व्यायाम धरला वाटतं! बरं वाटलं. मी मान डोलावली. ती आणखी वाकली. मी मनात म्हटलं, वा, हिचे गुडघे बरे आहेत.

मग "दायाँ हाथ ऊपर" आलं. मी हळूच, अगदी पाण्यातून काढल्यासारखा, डावा हात वर नेला.

सिंधू मटकन खाली बसली.

दुपारी दारात नारळ आणि वाटीभर शिरा. मला वाटलं, श्रावणाचा आहे. शिरा खाल्ला. चांगला झाला होता, वेलची जरा कमी. खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी सिंधूची पोरगी काजल आली. डोळे सुजलेले. दारातच म्हणाली, "मावशी, मी तुमचं काय वाईट केलं होतं?"

"काय झालं गं?"

"धुळ्याला माझा नर्सिंगला नंबर लागलाय. उद्या संध्याकाळपर्यंत जाऊन प्रवेश घ्यायचाय. आई आठ दिवस हो-नाही करत होती. आज सकाळी तिनं तुम्हाला कौल लावला. तुम्ही डावा दिला."

मला आधी काही समजेना. मग समजलं. शिरा कशाचा होता, तेही. आमच्याकडे देवीला कौल लावतात तो असा. मनात विचारायचं. उजवीकडचं फूल पडलं तर हो, डावीकडचं पडलं तर नाही. सिंधूनं मनात धरलं होतं: माता, उजवा हात उचललास तर पोरीला धुळ्याला पाठवते. डावा उचललास तर घरीच ठेवते.

अहो, ज्या पोरीसाठी मी सिंधूशी दोनदा भांडले होते! "पाठव तिला, शिकू दे," म्हणून घसा कोरडा केला होता. मला चौथीतून काढलं तेव्हा कोणी कौलसुद्धा लावला नव्हता. नुसतं धाकट्या भावाला माझ्या कडेवर दिलं होतं. आणि आता एका पोरीची शाळा मी मोडली. डावा हात वर करून!

तशीच उठले, समोर गेले.

"सिंधू, मूर्ख आहेस का? ते वारं नव्हतं. चिनी व्यायाम होता. ताई ची!"

सिंधू हात जोडून म्हणाली, "कोणती ताई, अक्का? सप्तशृंगीची?"

"कोणतीच ताई नाही! गुडघ्यांसाठी करते मी ते!"

"वारं गेलं की बाईले याद नही ऱ्हास," ती तिथं बसलेल्या शेजारणीकडे बघून म्हणाली. शेजारणीनं मान हलवली. बाईला आठवत नसतं, हे दोघींना माहीत. मलाच तेवढं माहीत नाही!

मी मोबाइल दाखवला. "ही बघ. हिचं बघून करते."

सिंधूनं निरखून बघितलं. "ही कुठं थरथरते? ही तर आरामात करतेय. तुमना आंगमा वारं उनं व्हतं, अक्का. मी सोताना डोळानी दखं."

"ते गुडघे थरथरत होते गं माझे!"

"माता कुठूनही येते."

आता या बाईला काय करावं? मी म्हटलं, "बरं. मान, की माता होती. मग मातेचा चुकून डावा हात वर गेला. तिला दायाँ म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं."

"मातेला ठाऊक नाही?" सिंधू अशी बघायला लागली, की मी एक पाऊल मागे आले. आयुष्यात पहिल्यांदा.

शेवटी तिनंच मार्ग काढला. "उद्या सकाळी पुन्हा लावते कौल. माता जो हात उचलेल तो उचलेल. पण अक्का, तुम्ही मधे पडू नका."

मी मधे पडू नको! म्हणजे मी कुठे उभी राहू?

रात्रीच्या स्वयंपाकाला सुट्टी दिली आणि सराव केला. उजवा हात आधी, उजवा हात आधी. महिनाभर उलटं करून सगळं अंग उलटं वळलेलं. उजवा उचलायला जावं तर पाय अडकायचा. आमचे हे जेवणाची वाट बघत बसलेले. म्हणाले, "एक हात तर वर करायचाय. शाळेत केला नव्हता का?"

"केला होता. म्हणून तर लवकर घरी पाठवलं."

रूपालीनं पेन आणलं आणि माझ्या उजव्या तळहातावर मोठ्ठा "उ" काढला. तिच्या चेहऱ्यावरचं हसू मी बघितलं नाही, असं दाखवलं.

सकाळी गॅलरीत आले आणि पाय जागीच थांबले. समोर सिंधू, काजल आणि मागे गल्लीतल्या सात-आठ बाया. कोणाच्या हातात आरतीचं ताट, कोणाच्या हातात नारळ. एकीनं तर खुर्ची आणली होती.

वायरी कानात घातल्या. व्हिडिओ सुरू. वाकले, थरथरले, "हूंऽऽ" केलं. समोर कुजबूज. "आली, आली!" मी मनात म्हटलं, आली नाही गं बायांनो, आखडली.

"दायाँ हाथ ऊपर."

मी उचलला. उजवा! चक्क उजवा! वर "उ" काढलेला तळहात, अगदी त्यांच्याकडे केलेला.

समोरून एक म्हातारी म्हणाली, "डावा."

"डावा कसा? उजवाय," दुसरी म्हणाली.

"आपल्या समोरून बघ. डावीकडे आहे."

"आपल्याकडून नाही बघायचं, मातेकडून बघायचं!"

"कौल आपण लावला ना? मग आपली बाजू!"

"देवळात कसं असतं? फूल देवाच्या उजवीकडचं की आपल्या?"

"आमच्या बोरखेड्याला आपल्या."

"तुमच्या बोरखेड्याचं सोडा, तिथं सगळं उलटं!"

आणि मी हात वर धरून उभी! खाली आणावा तर कौल फिरला म्हणतील. गुडघे बोंबलायला लागले. काजलकडे बघितलं. पोरगी ओढणीचं टोक चावत उभी होती. धुळ्याची गाडी दहाची. आणि इथं बोरखेड्याचं चाललंय!

सिंधू रडकुंडीला येऊन म्हणाली, "मंग डावाच शे. नको पोरी, राहू दे."

मग माझं जे काही शांत होतं ते संपलं.

"अगं ए सिंधे! उजवा आहे हा, उजवा! ज्यानं जेवते तो! काल माझ्या बाजूनं बघितलंस, आज तुझ्या बाजूनं बघतेस? देव समोर असला म्हणून त्याचा उजवा हात डावा होतो का? पोरीला काल रात्रभर रडवलंस, माझ्या गुडघ्यांवर तिचं नशीब टांगलंस! तिच्या हुशारीवर नंबर लागलाय, तो कोणाला विचारून लागला होता का? आत्ताच्या आत्ता बॅग भर तिची! नाही भरलीस तर येते तिकडे आणि बादलीसकट लाथाडते सगळ्यांना!"

हातवारे करताना वायर मोबाइलमधून निघाली आणि त्या बाईचा आवाज अख्ख्या गल्लीत घुमला: "अब मन बिलकुल शांत... चेहरे पर हल्की-सी मुस्कान..."

आधी काजल हसली. मग खुर्चीवाली. मग सगळ्याच. म्हातारीनं तर हसता हसता आरतीचं ताट जमिनीवर टेकवलं.

सिंधू हसली नाही. डोळे पुसून उठली आणि म्हणाली, "काजल, चल. कपाटातले कपडे काढ, बॅग भरू."

मला एकदम भरून आलं. दोन्ही हात कठड्यावर टेकून म्हटलं, "म्हणजे मानलास ना शेवटी मातेचा कौल?"

सिंधू दारातून वळली.

"माता कसली, अक्का? ती नव्हतीच, हे कळलं आता. माता असती तर खण-नारळ देऊन, पाया पडून 'नाही' म्हणता आलं असतं तिला. तुम्ही तर रोज दारासमोर राहता!"