पहिल्या मजल्यावरची ना हरकत

आईला ताप भरला तो बाजारातच. शेजारी बसणाऱ्या मावशीने तिच्या कपाळाला हात लावला आणि मला फोन केला. मी ठाण्याला शाळेत शिकवते. तास दुसऱ्या बाईंवर सोपवून रिक्षाने कळव्याला आले, तोवर बाजारातल्या बायकांनी तिला पालिकेच्या रुग्णालयात नेलेलंसुद्धा. एकीने तिची मासळी बर्फात घातली होती, दुसरी तिच्या उशाशी उभी होती, आणि दोघींच्याही पदराला पापलेटचा वास होता. नर्सने त्याबद्दल नाक मुरडलं नाही, हे माझ्या लक्षात राहिलंय.

तपासायला आलेली डॉक्टर माझ्याहून लहान असेल. तिने आईला विचारलं, "मावशी, दिवसभरात पाणी किती पिता?"

आईने माझ्याकडे पाहिलं. "पिते की."

"कधी?"

"घरी गेल्यावर."

डॉक्टरने मान हलवली. मूत्रपिंडाला सूज होती, जुनी असावी असं ती म्हणाली. औषधं लिहून दिली आणि पाणी पीत राहायला बजावलं.

आम्ही खाडीकाठचे कोळी. खाडीत आता पूर्वीसारखी मासळी नाही, म्हणून पहाटे धक्क्यावरून माल येतो आणि आमच्या बायका तो स्टेशनजवळच्या बाजारात घेऊन बसतात. त्या सकाळपासून बसतात, त्या थेट दुपार उलटेपर्यंत, आणि बसल्यापासून उठेपर्यंत पाण्याचा थेंब घेत नाहीत. मला हे लहानपणापासून माहीत होतं, जशी भरती-ओहोटी माहीत असते. त्यामागे काही कारण असेल, असं मनात आलं नव्हतं. बाजारात पुरुषांसाठी आडोसा होता. बायकांसाठी काही नव्हतं. अगदीच वेळ आली तर बाजारामागच्या नाल्याच्या भिंतीकडे जायचं आणि दुसरीने चादर धरून उभं राहायचं. त्यापेक्षा पाणी न पिणं सोपं.

बरी झाल्यावर आई पुन्हा बाजारात निघाली. मी म्हटलं, आता घरी बस. तिने ऐकून घेतलं, पाटी डोक्यावर ठेवली आणि दारातून म्हणाली, "बसून काय करू? डाक्टरीन बोलली पानी पी. पियेन. पन मंग जाऊ कुठं, ते तिनं नाय सांगितला."

त्या वाक्याने मला प्रभाग कार्यालयात नेलं.

बाजारात बायकांसाठी शौचालय मागू या म्हटल्यावर बायका आधी हसल्या. त्यांनी हे मागून झालेलं होतं. कधी कुणी हो म्हणालेलं, कधी कुणी निवडणुकीनंतर बघू म्हणालेलं. त्या दिवसांत पालिकेची निवडणूक लांबलेली होती, नगरसेवक सगळे माजी झालेले. धरायचं कुणाला, असा प्रश्न होता. शेवटी आम्ही पाचसहा जणी सरळ सहाय्यक आयुक्त बाईंसमोर जाऊन उभ्या राहिलो. त्या फायली बाजूला सारून ऐकत होत्या. आईने आजारपणाचं काही सांगितलं नाही, तिला लाज वाटली. मीच सांगितलं. बाई म्हणाल्या, "मंजुरी मी आणते. तुम्ही मला जागा दाखवा. जिथे कुणी आडवं येणार नाही अशी."

मला वाटलं, अवघड काम त्यांनी अंगावर घेतलं आणि सोपं आमच्याकडे दिलं. झालं उलटंच.

त्यांनी सोबत एक तरुण अभियंता दिला. तो विदर्भातला होता, बोलायला मऊ, आणि मासळीच्या बाजारात पहिल्यांदा पाय ठेवल्यावर पँट वर दुमडून घेणारा. त्याच्याबरोबर मी सुट्टीच्या दिवशी फिरले. रिक्षा स्टँडजवळ जागा होती, तर तिथे देवीचं देऊळ आहे, लोक काय म्हणतील. शाळेच्या भिंतीजवळ होती, तर पालक नको म्हणाले. दुकानांच्या टोकाला होती, तिथे दुकानदारांनी आम्हाला चहा पाजला, बायकांची फार गैरसोय होते हे स्वतःहून सांगितलं, आणि मग म्हणाले की जरा पुढे बघा. असं सगळेच म्हणत होते. वाईट कुणीच बोललं नाही. जरा पुढे, एवढंच.

शेवटी उरली बाजारामागची चिंचोळी पट्टी. जागा पालिकेचीच, मोडक्या हातगाड्या पडलेल्या. पण तिला लागून एका सोसायटीची भिंत होती, आणि भिंतीच्या वर, पहिल्या मजल्यावर, एक खिडकी. ती खिडकी पाहिल्यावर बायकांनी हात झटकले. "झाला," मावशी म्हणाली, "तिथं तर ती र्‍हाते."

ती म्हणजे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेली एक बाई. मूळची साताऱ्याकडची, शुद्ध शाकाहारी, नवरा वारलेला, मुलगा परदेशी. बाजारात तिला वरची बाई म्हणत. मासळीचं पाणी गल्लीत वाहतं म्हणून तिने एकदा पालिकेकडे तक्रार केलेली, आणि बायकांनी ते मनात धरून ठेवलेलं. फक्त आई तेव्हाही म्हणायची की तक्रार केली म्हणून तर गटार बांधली, आपलेच पाय सुके झाले. पण त्या खिडकीखाली जागा मिळेल, असं तिलाही वाटत नव्हतं.

अभियंता टेप लावून मोजत होता, तेवढ्यात वरची बाई स्वतःच खाली आली. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, हातात काठी. काय मोजताय, तिने विचारलं. त्याने फार जपून सांगितलं. अजून काही ठरलेलं नाही, फक्त पाहणी आहे, रहिवाशांना विश्वासात घेऊनच पुढे जाऊ, वगैरे. तिने त्याला बोलू दिलं. मग विचारलं, "दार कुठल्या बाजूला येईल?"

"बाजाराकडे, मॅडम."

"पाण्याची टाकी?"

"वर असेल. स्लॅबवर."

"आणि झाडायला माणूस रोज येणार का?"

तो जरा अडखळला. म्हणाला, यायला पाहिजे.

"यायला पाहिजे नव्हे, आला पाहिजे. तेवढं बघा. माझी हरकत नाही."

तो टेप हातात धरून तसाच उभा. आईला तर वाटलं, हरकत आहे असंच ती म्हणाली, आणि आई परत फिरायला लागलेली. मी तिचा हात धरला.

मग त्या बाईने आम्हा दोघींना वर बोलावलं. काकू म्हणते मी त्यांना, तेव्हापासून. आई दारातच थांबली. कपड्यांना वास आहे म्हणाली, पायरीवर बसते. काकू म्हणाल्या, "आत या हो. वासाचं काय, तो माझ्याकडे रोज तुमच्या आधीच येतो." आई हसली, पण आत आली तरी खुर्चीच्या कडेवर टेकली.

चहा झाल्यावर काकूंनी सांगितलं. त्या नोकरीला लागल्या तेव्हा त्यांचं कार्यालय एका जुन्या इमारतीत होतं. सगळे पुरुष, या एकट्या. बायकांसाठी सोय नाही. साहेबांना सांगायची सोय त्याहून नाही. त्याही सकाळी पाणी न पिता निघायच्या. कार्यालयासमोर एक चाळ होती. तिथली एक बाई रोज यांना येता-जाता बघायची. एके दिवशी तिने रस्ता ओलांडून येऊन म्हटलं, माझ्या घरी येत जा, दार उघडंच असतं. तिचं स्वतःचं घर एका खोलीचं, संडास सामाईक, त्याची किल्ली तिच्याकडे. कार्यालय दुसरीकडे हलेपर्यंत, म्हणजे कितीतरी वर्षं, काकू त्या घरी जात होत्या. त्या बाईने कधी का म्हणून विचारलं नाही, आणि शेजारणींनी कुरकुर केली ती काकूंच्या कानावर येऊ दिली नाही.

"मी तिला दिवाळीला साडी नेली," काकू म्हणाल्या, "तर तिने घेतली नाही. म्हणाली, पाण्याला कुणी साडी देतं का."

आईने काकूंच्या गुडघ्याकडे बोट करून विचारलं, "लय दुखता का?" आणि मग त्या दोघी गुडघ्यांबद्दल बोलत बसल्या. मी उठून खिडकीशी गेले. खाली अभियंता हातगाड्यांमधून वाट काढत अजून मोजत होता.

काकूंची हरकत नव्हती, पण सोसायटी म्हणजे एकट्या काकू नव्हेत. सभेत काय झालं ते त्यांनीच मला नंतर सांगितलं. लोक चिडले होते. फ्लॅटची किंमत उतरेल, दुर्गंधी येईल, गर्दुल्ले येऊन बसतील. यातलं काही अगदीच खोटं नव्हतं, हे काकूही मान्य करतात. त्यांनी भांडण केलं नाही. त्या म्हणाल्या की सगळ्यांत जवळची खिडकी माझी आहे, तेव्हा आधी त्रास मला होईल. तुम्हाला ज्या ज्या गोष्टींची भीती वाटते त्या सांगा, आपण पालिकेला त्या अटी म्हणून घालू. मग अटी निघाल्या. दार बाजाराकडेच. रात्री कुलूप. पाण्याची वेगळी जोडणी, सोसायटीच्या नळावर भार नको. सफाई रोज. बाहेर दिवा. भिंतीची उंची वाढवायची.

मी त्या अटी ऐकून खचले होते. मला वाटलं, नाही म्हणायची ही सभ्य रीत आहे. पण सहाय्यक आयुक्त बाईंनी त्या वाचल्या आणि अभियंत्याला म्हणाल्या, "हे सगळं आराखड्यातच घाला. लोकांनी आपलं काम सोपं केलंय." आज ते शौचालय चांगलं चालतं ते त्या अटींमुळे, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. विरोध करणाऱ्यांचेही उपकार असतात. त्यातले एक गृहस्थ, सभेत सगळ्यांत मोठ्याने बोललेले, आता बाहेरचा दिवा बंद पडला की सर्वांत आधी पालिकेला कळवतात.

मंजुरी आली, बांधकाम झालं, फरशा बसल्या. आणि पाणी आलं नाही. जोडणीचं काम दुसऱ्या विभागाकडे होतं आणि ते पुढे पुढे जात राहिलं. नवी कोरी खोली कुलूपबंद, बायका रोज तिच्याकडे बघत बसलेल्या. तेव्हा काकूंनी फोन हातात घेतला. रोज सकाळी पूजा झाली की त्या पाणी विभागात फोन करायच्या. आवाज चढवायच्या नाहीत. आपलं नाव सांगायच्या, काल काय झालं ते विचारायच्या, आणि उद्या याच वेळी फोन करीन म्हणून ठेवून द्यायच्या. तिकडचा माणूस पुढे पुढे फोन उचलून आधी त्यांच्या गुडघ्याची चौकशी करायला लागला. एक दिवस त्याने स्वतःच फोन केला की माणसं निघालीत, खड्डा खणायला कुणी अडवू नका.

पाणी आलं, आणि शौचालय सुरू करायच्या दिवशी बायकांनी नारळ आणला. फोडायचा कुणी, यावर वाद नव्हताच. काकू नको नको म्हणत होत्या, माझं काय काम, अधिकारी आलेत त्यांना द्या. सहाय्यक आयुक्त बाई मागे सरकल्या. आईने काकूंचा हात धरला आणि म्हणाली, "बाय, तू नाय बोलली असतीस तं आमी काय केला असता? फोड." सत्तरीच्या बाईला तिने अगंतुगं केलेलं बघून मी दचकले. काकू मात्र काठी माझ्याकडे देऊन वाकल्या. नारळ पहिल्या फटक्यात फुटला नाही. दुसऱ्यातही नाही. मग अभियंत्याने दगड सरळ करून दिला.

आईची तब्येत आता बरी आहे. औषध चालू आहे, ते राहणारच. उन्हाळ्यात काकू दुपारचं ताक करतात आणि खिडकीतून दोरीला किटली बांधून खाली सोडतात. मासळीचे हात लागतात म्हणून किटली वेगळी ठेवलीय, हे त्या स्वतःच सांगतात आणि आईला त्यात काही वावगं वाटत नाही. ती म्हणते, तिचा देव वेगळा, माझी मासळी वेगळी, ताक सारखंच.

पालिकेबद्दल आपण सगळे बोलतो. मीही बोलते. आमच्या रस्त्यावरचा खड्डा अजून तसाच आहे. पण कुणी चांगलं काम केलं तर तेही कुणीतरी सांगावं. एका बाईंनी फायल बाजूला सारून ऐकलं, एका मुलाने पँट दुमडून मोजमाप घेतलं, पाणी विभागातल्या एका न पाहिलेल्या माणसाने शेवटी माणसं पाठवली. त्या सगळ्यांची बदली झाली असेल किंवा होईल. त्यांना बहुधा हे आठवणारही नाही.

गेल्या आठवड्यात पलीकडच्या बाजारातल्या काही कोळणी आमच्याकडे आल्या होत्या. त्यांच्याकडे अजून काहीच नाही, तुम्ही कसं केलंत ते दाखवा म्हणाल्या. मी शाळेतून येईपर्यंत आई त्यांना घेऊन निघालेली. मला वाटलं, फरशा, नळ, टाकी दाखवत असेल. तर ती त्यांना घेऊन सोसायटीचा जिना चढत होती, मागे त्यांची रांग, आणि वर काकू दारात उभ्या राहून मला आवाज देत होत्या की कप कमी पडतील, शेजाऱ्यांकडून आण.