बोर्डावरची किंकाळी

बोर्ड रंगवून झाला की पेंटर मागे सरायचा, एक डोळा मिटायचा आणि तळहात पुढे धरून बोर्डावरचं भूत झाकायचा. भूत झाकूनही भीती वाटली तर बोर्ड पास. नाही वाटली, तर पुन्हा ब्रश.

जळगावात एका टॉकीजच्या तिकीट खिडकीवर मी होतो. छापील पोस्टरं मुंबईहून यायची. दर्शनी भागावरचा मोठा कापडी बोर्ड मात्र पेंटर रंगवायचा. भुताच्या पिक्चरची ती पोस्टरं तुम्हीही पाहिली असतील. हिरवा चेहरा, सुळे, नावाच्या अक्षरांतून ओघळणारं रक्त. पेंटर नाक मुरडायचा. "भूतले कोनी भ्यात नही, भाऊ. भ्यायेल मानूसले बठ्ठा भ्यातस." भ्यालेल्या माणसालाच सगळे भितात, हा त्याचा हिशेब. म्हणून त्याच्या बोर्डावर मधोमध किंचाळणारी बाई, आणि भूत बिचारं कोपऱ्यात. मालक ओरडायचे, "अरे, भुताचा पिक्चर आहे ना? मग भूत कुठंय?" पेंटर शांतपणे पानाची पिंक टाकायला जायचा.

समोर बसवून तो बायकोचाच चेहरा काढतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मेहरूणमधले त्याचे शेजारी चिडवायचे, "वहिनी, या आठवड्यात कुणाला भ्यायलात?"

एका श्रावणात वहिनींना धुळ्याच्या दवाखान्यात ठेवलं. पेंटर एसटीनं जा-ये करायचा. भुताचा नवा बोर्ड त्यानं त्यांना आठवूनच काढला. तो टांगला आणि त्याच आठवड्यात वहिनी गेल्या. दहाव्याला ठेवायला फोटो हवा, तर घरात एकही फोटो नाही! जन्मभर चेहरे रंगवणाऱ्याच्या घरात! एवढा मोठा चेहरा टॉकीजवर टांगलेला, पण किंचाळणारा. त्याला हार कसा घालणार? आणि शुक्रवारी पिक्चर बदलणार, म्हणजे त्या कापडावर पांढरा रंग बसणार.

गुरुवारी सकाळी पेंटर शिडी चढला. सुतकात कामाला हात लावतो म्हणून भावकी कुरकुरली, ती कुरकुरू दे. ओठ त्यानं तसेच ठेवले. नुसत्या भुवया खाली आणल्या, डोळ्यांच्या कडांना बारीक रेघा दिल्या. आम्ही खालून बघतच राहिलो. तेच उघडं तोंड, आणि वहिनी खळखळून हसत होत्या!

तेव्हा मला उमगलं. घाबरायला सांगितलं की वहिनींना हसूच यायचं, आणि हा बाबा त्या हसण्यालाच भीतीच्या भुवया चढवायचा. इतकी वर्षं अख्खं जळगाव त्यांच्या हसण्याला भ्यालं.

शेजारच्या फोटोवाल्याला मी दंड धरून आणलं. त्यानं शिडीवरून नुसता चेहरा टिपला.

मग पेंटरनं पांढऱ्या रंगाची बादली वर घेतली.

"अरे, राहू दे. दुसरा कुणी मारेल," मी म्हणालो.

"दुसरा कसाले? मीच मारस."

आधी भूत गेलं, मग रक्त, मग पिक्चरचं नाव. चेहऱ्यापाशी त्याचा हात थांबला. कापडावरच्या गालावर तळवा टेकवून, निघालेल्याला मी आहे इथं असा धीर द्यावा तसा तो हळूच म्हणाला, "जाय आते. मी शे आठे."

आणि ब्रश फिरवला.