हिवाळ्यातला कूलर

धंतोलीतल्या आमच्या घरमालक काकांचा गॅरंटीवर जितका विश्वास होता, तितका देवावरही नसावा. वस्तू बिघडायचीच असेल तर तिनं मुदतीच्या आत बिघडावं असा त्यांचा आग्रह असे, आणि त्यासाठी ते वस्तूला हवी ती मदत करत. नवा रेडिओ आणला की तो, स्टेशन लागो न लागो, दिवसभर खरखरत राही. मिक्सर आला तेव्हा काकूंनी महिनाभर चटण्याच वाटल्या आणि आम्हा भाडेकरूंनी त्या निमूटपणे खाल्ल्या. हा माणूस विचार तरी कसा करतो, याचं मला फार कुतूहल. एकदा विचारलंच, तर म्हणाले, "मुदत संपल्यावर बिघडलं तर कोणाले सांगता?"

कूलर त्यांनी जरीपटक्याच्या बाजारातून दिवाळीनंतर आणला आणि भर थंडीत सुरू केला. खसाच्या ताट्यांतून पाणी ठिबकतंय आणि काकू अंगाभोवती रजई गुंडाळून पोळ्या लाटताहेत, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. संक्रांतीच्या सुमारास मोटर जळाली तेव्हा काकांना केवढा आनंद झाला. दुकानदाराला मात्र झाला नाही. थंडीत कूलर चालवणं हा वापर नव्हे, छळ आहे, मोटर बदलून मिळणार नाही, असं त्यानं साफ सांगितलं.

ग्राहक मंच तेव्हा नुकताच निघाला होता. काकांनी आधी रजिस्टर्ड नोटीस धाडली, उत्तर येईना तशी मंचाकडे तक्रार ठोकली. दिवाणी कोर्टात जन्म जातो, इथे वकीलसुद्धा लागत नाही, साध्या कागदावर लिहून दिलं की झालं, हे ते दूधवाल्यालाही समजावत. गॅरंटीकार्डावर ऋतू लिहिलेला नाही, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. अडचण एकच होती. मोटरीच्या पत्र्यावर कंपनीचं सील होतं, ते तुटलं की गॅरंटी गेली, आणि ते तोडल्याशिवाय दुसरी मोटर बसवता येत नव्हती. म्हणून निकालापर्यंत कूलरला कोणी हात लावायचा नाही असं ठरलं, आणि तारीख लागली जूनची.

मे महिना काकूंनी डोक्यावर ओला टॉवेल घेऊन, कुरकुर न करता काढायला घेतला. एका दुपारी त्या ओट्याजवळ घेरी येऊन पडल्या. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. काकांनी त्यांच्या तळपायांना कांद्याचा रस चोळला, मग उठून पक्कड आणली आणि सील तोडलं. मी म्हटलं, काका, केस जाईल.

"तू मेकॅनिकले बोलाव गा," ते म्हणाले.

जूनमध्ये मंचासमोर मीही सोबत गेलो. सील कसं तुटलं, असं विचारल्यावर गंजून पडलं म्हणाले असते तर कोण पाहायला होतं? पण काकांनी सरळ सांगितलं, मी तोडलं. तक्रार फेटाळली गेली. परतताना मला त्यांचं फार वाईट वाटलं.

घरी काकू कूलरसमोर बसून वाट पाहत होत्या.

"काय झालं जी? माह्यापायी हरले तर नाही ना?"

"हरीन काहून वं? तारीख वाढली." बोलता बोलता त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी गप्पच बसलो.

पुढे मी ते घर सोडलं, तरी अधूनमधून जाणं होई. काकू होत्या तोवर आल्यागेल्याला कौतुकानं सांगत, आमच्या यांची केस अजून चालू आहे म्हणून.