एमिलीताईंचा स्वेटर

शॅरनचा वसईहून फोन आला तेव्हा मी मंडळाच्या सभेसाठी खुर्च्या, माइक, चहा अशी यादी करत बसले होते. "आंटी, ममा गेली," एवढंच ती मराठीत बोलली, पुढचं सगळं इंग्रजीत. सुट्टीवर गेलेल्या एमिलीताई झोपेतच गेल्या होत्या. मी यादी पूर्ण केली. हाताला दुसरं काही सुचेना... पहिल्या रांगेतली त्यांची खुर्ची मात्र खोडली नाही.

बहारीनमध्ये आम्ही मराठी माणसं मोजकी. भारतीय शाळेच्या पालक समितीसाठी आपल्यातले दोघे-तिघे उभे राहिले की मतं फुटतात. म्हणून आमच्या मंडळात आधी आपसात मतदान होतं. हूरा भागातल्या हॉलमध्ये इच्छुक भाषणं करतात, सभासद चिठ्ठ्या टाकतात आणि निवडून येईल तो एकच पुढे उभा राहतो. एमिलीताई हॉस्पिटलात नर्स. शॅरन शाळेतून केव्हाच बाहेर पडली होती, त्यामुळे शाळेच्या निवडणुकीत त्यांना मत नव्हतं. मंडळाच्या फेरीतलं काय ते एक मत. ते त्या फार जपून वापरत.

हॉलमधला एसी कडक, म्हणून बाहेर कितीही उकाडा असला तरी त्यांच्या मांडीवर राखाडी स्वेटर असायचा. वक्ता मुद्द्याचं बोलत असेपर्यंत तो मांडीवर. बोलणं पोकळ होऊ लागलं की त्या शांतपणे एका बाहीत हात घालायच्या. "एक बाही म्हणजे अजून आशा आहे, दुसरी घातली की खलास," असं आमचे अध्यक्ष म्हणायचे. भाषण करणारा अख्ख्या हॉलकडे बघत असल्याचं दाखवायचा, पण नजर त्या स्वेटरवर.

मी पहिल्यांदा उभी राहिले त्या वर्षी तिघे होतो. मी त्यांची इतक्या वर्षांची मैत्रीण. दुसरा त्यांच्याच गावचा, त्यांच्याच चर्चचा. तिसरे गॅरेजवाले सावंत, ज्यांच्याशी त्यांची नुसती तोंडओळख. गाववाल्याने संस्कृतीपासून सुरुवात केली आणि संस्कृतीतच राहिला. त्याची मावशी शेजारी बसलेली असताना एमिलीताईंनी दोन्ही बाह्या चढवल्या. मग स्वेटर पुन्हा मांडीवर आला आणि माझी पाळी. मी मुद्दे क्रमाने लिहून आणले होते. कँटीन, गणवेश, ग्रंथालय... ग्रंथालयाला एक हात बाहीत गेला. क्रीडांगणाला दुसरा. बसचा मुद्दा माझ्या कागदावर बराच खाली होता.

सावंत उठले आणि म्हणाले, "नईम भागात शाळेची बस रस्त्याच्या पलीकडे थांबते. पोरं गाड्यांमधून पळत जातात. मला निवडलंत तर आधी ती बस अलीकडे आणतो. बाकीचं मग बघू." आणि खाली बसले. एमिलीताईंनी स्वेटर काढून घडी घातली.

गाडीत मी सरळ विचारलं, "मत कुणाला दिलंत?"

"सावंतला."

"आणि मी?"

"तू वाण्याची यादी वाचलीस बाय. सगळं होतं तीत, पण आधी काय आणायचं ते नव्हतं."

मला राग आला होता. दोन-तीन दिवस मी फोन केला नाही. मग एका सकाळी कामानिमित्त नईममध्ये गेले, तर रस्त्याच्या कडेला एमिलीताई. रात्रपाळी करून आलेल्या, अंगावर अजून युनिफॉर्म, एका हाताने गाड्या थांबवून दुसऱ्या हाताने परक्यांची मुलं पलीकडे नेत होत्या. रोज नेत होत्या, हे मला ठाऊकच नव्हतं. हॉलमध्ये त्यांनी त्याचा एका शब्दाने उल्लेख केला नव्हता. सांगितलं असतं तर आम्ही तिघांनीही बसवरच भाषण केलं असतं. त्यांना ते न सांगता ऐकायचं होतं.

सावंत शाळेतही निवडून आले, बस अलीकडे आली. गाववाल्याच्या मावशीने मात्र पुढे कितीतरी दिवस चर्चमध्ये तोंड फिरवलं. "फिरवू दे," एमिलीताई म्हणाल्या, "मान दुखली की सरळ करेल." पुढच्या खेपेला मी एकच गोष्ट घेऊन उभी राहिले, उन्हात बसची वाट बघणाऱ्या मुलांसाठी छप्पर. स्वेटर मांडीवरून हलला नाही. आयुष्यात मला बरीच प्रशस्तिपत्रकं मिळाली, त्याइतकं एकही जपावंसं वाटलं नाही.

शॅरन त्यांची इथली खोली आवरायला आली, तेव्हा तिने स्वेटर माझ्याकडे दिला. गेल्या शुक्रवारी सभेला मी तो घेऊन त्यांच्या खुर्चीवर बसले. पहिलाच उमेदवार, चांगला शिकलेला तरुण, "आपल्या समाजाची अस्मिता..." म्हणत वर चढू लागला. मला खरोखरच थंडी वाजत होती. मी एका बाहीत हात घातला. त्याने ते पाहिलं. थांबला, पाणी प्यायला, कागदाची घडी करून खिशात ठेवली.

"बरं," तो म्हणाला, "आधी काय करणार ते सांगतो."

मी हात बाहेर काढला.