दिवा, दुर्बीण आणि मेहुणा

टेक्विन बेव्हनच्या लग्नाला बायकोचा थोरला भाऊ आठवडाभर म्हणून राहायला आला. टेक्विनचे केस पिकले, तरी तो आठवडा काही संपलेला नाही. एल्फेड त्याचं नाव. आमच्या या वेल्सच्या खोऱ्यात निम्मी घरं बेव्हन आणि निम्मी प्रॉसर, त्यामुळे माणूस ओळखायचा तो त्याच्या कामावरून: दूध घालणारा तो ‘प्रॉसर दूध’, शवपेट्या करणारा तो ‘बेव्हन शवपेट्या’. एल्फेड काहीच करत नसे, म्हणून त्याच्या नावापुढे काही जोडताच येत नव्हतं. पुढे मेंढ्यांच्या विणीच्या दिवसांत टेक्विन अंधार पडल्यावर कोकरं पळवणाऱ्या कोल्ह्यांच्या शिकारीला जाऊ लागला आणि त्याला दिवा धरायला माणूस हवा झाला. त्या दिवसापासून मेहुणा ‘एल्फेड दिवा’ झाला आणि चॅपलमध्ये छाती काढून बसू लागला.

दिव्याची शिकार एकट्यादुकट्याचं काम नाही. एकाने बंदूक सांभाळायची. दुसऱ्याने झोत माळावर फिरवत हाताच्या पाठीवर ओठ दाबून चूं-चूं करायचं, फाशात सापडलेल्या सशासारखं. कोल्हा लालचेने वळतो, झोतात त्याचे डोळे चमकतात, आणि मग बंदूकवाल्याचं काम. एल्फेडची चूं-चूं अशी हुबेहूब, की खुद्द सशांना कळवळा यावा. पण ससा थांबला की एल्फेड सुरू. पोटातला वायू, गुडघा, पाद्रीबाबांचं लांबलेलं प्रवचन, पुन्हा वायू. घरात मेहुणा, जेवायला मेहुणा, आणि डोंगरावर खांद्याला खांदा लावून तोच. ‘एक संध्याकाळ, देवा, एकच संध्याकाळ मला एकट्याला दे,’ एवढंच टेक्विन मागत असे.

मागच्या वसंतात एक मोठा कोल्हा झोतात आला. टेक्विनने श्वास रोखला, आणि एल्फेड कानाशी म्हणाला, “टेक्विन, ते कालचं सूप मला बाधलं बघ.” नेम चुकला. चुकलेला कोल्हा म्हणजे शिकलेला कोल्हा. तेव्हापासून दिवा दिसला रे दिसला की ते जनावर पाठ फिरवून चालू पडायचं आणि नंतर सावकाश येऊन कोकरं न्यायचं.

बाजाराच्या दिवशी मेंढ्यांच्या कठड्याला टेकून ग्वेन्सियन प्रॉसर सगळ्यांदेखत म्हणाली, “काय रे टेक्विन, माझी दोन कोकरं गेली. तुमच्या दिव्याच्या उजेडात तो कोल्हा निवांत जेवतो म्हणे!”

“अगं, तो बुजायला लागलाय दिव्याला.”

“मग अंधारातच जा की! माझा भाचा बंदुकीवर बसवतो ती दुर्बीण घे, नाइट व्हिजनची. काळोखात सगळं दिसतं. दिवाही नको नि दिवेवालाही नको.”

दिवेवालाही नको! टेक्विनला त्या क्षणी ग्वेन्सियन प्रॉसर देवदूतासारखी दिसली, आणि ती तशी दिसणं सोपं नाही, हे आम्ही शेजारी शपथेवर सांगू.

घरी त्याने विषय काढला. त्याची बायको नेस्टा पाव कापत होती, ती थांबली.

“म्हणजे तू एकटा जाणार?”

“यंत्राला दुसरा माणूस लागत नाही गं.”

“आणि एल्फेड?”

“घरी बसेल उबेत. वय झालं त्याचं.”

“इथे? माझ्या स्वयंपाकघरात?” नेस्टाने सुरी खाली ठेवली. “हे बघ, दिवसातून तेवढे दोन तास मला या घरात गप्प बसायला मिळतात. भाऊ माझा असला म्हणून काय झालं? लग्न तू केलंयस, थोडा तूही सोस.”

कोपऱ्यात एल्फेड दिव्याची काच पुसत होता. पुसलेली काच तो पुन्हा पुसू लागला. पोटातल्या वायूचा उल्लेखही नाही, म्हणजे प्रकरण खोल गेलं असं समजावं.

तरी टेक्विनने दुर्बीण आणलीच. कोकरांचा प्रश्न होता, खोऱ्यात लोक बोलू लागले होते, त्यामुळे नेस्टालाही ‘नको’ म्हणता येईना. तिन्हीसांजेला तो एकटा निघाला. वरच्या कुरणाच्या भिंतीशी बसला आणि कितीतरी वर्षांनी त्याला ओढ्याचा आवाज ऐकू आला. वायू नाही, गुडघा नाही. त्याने दुर्बिणीला डोळा लावला: हिरवट माळ, मेंढ्यांचे ठिपके, शांतता. सुखाने त्याचे डोळे भरून आले, तेव्हा दुर्बीण पुसावी लागली.

इतक्यात खालच्या कुंपणाकडे ससा ओरडला. चूं-चूं. बिचारा, टेक्विनला वाटलं, खरंच कशात तरी अडकला. त्या आवाजावर तोच मोठा कोल्हा झुडपातून निघाला आणि बिनधास्त कुंपणाकडे चालू लागला. मध्येच थांबला. आडवा, स्थिर. असा नेम जन्मात एकदा मिळतो. टेक्विनचं बोट चापावर गेलं.

जनावराच्या मागे गोळी अडवायला माती दिसल्याशिवाय चाप ओढायचा नाही, हे आमच्याकडे पोराला चालायच्या आधी शिकवतात. टेक्विनने सवयीने कोल्ह्याच्या मागे पाहिलं. दुर्बिणीच्या छुप्या किरणांत तिथे एक तिसरा डोळा चमकत होता. ताटलीएवढा, गोल, जमिनीपासून हातभर वर.

कुठल्याच जनावराला असा डोळा नसतो. ती दिव्याची काच होती.

“एल्फेड!” तो इतक्या जोरात ओरडला की खालच्या घरांतून आम्ही दाराबाहेर आलो. कोल्हा पळाला. झुडपामागून मेहुणा गुडघा धरत उठला.

“काय झालं? तुझ्यासाठी बोलावला होता की मी त्याला! मारला का नाहीस?”

टेक्विनने आधी बंदूक रिकामी केली. “तुला इथे कुणी पाठवलं?”

“नेस्टाने. म्हणाली, माझं डोकं खाऊ नकोस, जा त्याच्यामागे. पण दिवा लावू नकोस, तो चिडेल. म्हणून लावला नाही.” मग तो हळूच म्हणाला, “मी म्हटलं, दिवा नाही तर नाही, निदान ससा तरी होतो.”

त्या रात्री टेक्विन झोपला नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीला त्याने हिशेब मांडून पाहिला. दिवा घ्यावा, तर कोल्हा येत नाही. दुर्बीण घेऊन एकटं जावं, तर एल्फेड काळोखात कुठल्या झुडपामागे ससा होऊन बसला असेल याचा नेम नाही. त्याला घरात कुलूप लावून ठेवावं, तर नेस्टा उघडणार. सगळ्या डोंगरावर अशी एकच जागा होती, जिथे मेहुणा असल्याची डोळे मिटूनही खात्री देता येईल.

“आजपासून डोंगरावर तू माझ्या शेजारी बसायचं,” तो म्हणाला. “इथे. कोपराला कोपर लागलं पाहिजे.”

“आणि दिवा?”

“मांडीवर ठेव. लावायचा नाही.”

“मग हात रिकामेच की माझे,” एल्फेडचा चेहरा खुलला. “बरं झालं, बोलायला मोकळा. टेक्विन, ही न्याहारीची अंडी मला जरा जड गेलीत बघ.”